रोल घरी धुवायचा आणि स्कॅन करायचा: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णधवल फिल्मच्या नव्याने नादी लागलेली कॉलेजची पोरं आणि कपाटातला जुना कॅमेरा पुन्हा बाहेर काढणारी वडीलधारी मंडळी, दोघांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. निगेटिव्ह शेवटी स्कॅन होणार, एन्लार्जरखाली (कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) जाणार नाही, असं धरून सगळं सांगितलंय. त्यामुळे काही सल्ले जुन्या पुस्तकांशी जुळणार नाहीत. ते मुद्दाम तसे आहेत.

स्कॅनच करायचं, तर सरळ डिजिटलवर काढून रंग का उडवत नाही?

उडवा की. कुणी अडवलंय? पैसे वाचतील, वेळही वाचेल. फिल्मच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. एक, उजेडाच्या टोकाला फिल्म एकदम पांढरी फटक पडत नाही, हळूहळू भरत जाते. दोन, हार्ड डिस्क बंद पडली तरी निगेटिव्ह फाइलमध्ये शाबूत असते, पुन्हा स्कॅन करता येते. बाकी "फिल्मचा आत्मा" वगैरे बोलणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही.

स्कॅनसाठीची निगेटिव्ह आणि प्रिंटसाठीची निगेटिव्ह यात फरक तो काय?

बाकी सगळं याच उत्तरावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निगेटिव्हमध्ये सावल्या म्हणजे पारदर्शक भाग आणि उजेड म्हणजे दाट काळा भाग. सावलीत पुरेसा प्रकाश पडला नाही तर तिथं फिल्म कोरी राहते. त्या कोऱ्या जागेतून स्कॅनर काय वाचणार? संगणकावर तो भाग उजळ केलात की राखाडी खरखर वर येते, तपशील येत नाही.

दुसऱ्या टोकाला उलटा त्रास. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) रोल जास्त वेळ राहिला तर ढग, पांढरा सदरा, देवळाची चुन्याची भिंत असले भाग इतके दाट होतात की स्कॅनरचा दिवा त्यांच्यातून पलीकडे पोचतच नाही. डार्करूममध्ये अशा जागी कागदावर जास्तीचा उजेड देऊन काम निभवता यायचं. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरला ती सोय नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो देतो, आणि दाट भागात त्याला फारसं दिसत नाही.

प्रिंटसाठी निगेटिव्हला कागदाच्या ग्रेडशी जुळेल इतका कॉन्ट्रास्ट लागायचा. स्कॅनला त्याची गरज नाही. कॉन्ट्रास्ट वाढवणं हे संगणकावरचं सर्वांत सोपं काम आहे. म्हणून सूत्र असं: एक्स्पोजर सढळ हाताने, डेव्हलपिंग हात राखून. फिल्मला प्रकाश थोडा जास्त द्या आणि डेव्हलपिंगचा वेळ कंपनीच्या तक्त्यातल्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी करा. अशा निगेटिव्हचा पहिला स्कॅन मिळमिळीत, राखाडी दिसेल. तसाच दिसायला हवा. त्यात सावलीही आहे आणि उजेडही; पुढचं तुमच्या हातात.

पुढं कधी हौस आली आणि हीच निगेटिव्ह एन्लार्जरवर चढवली, तर तीन नंबरचा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा कागद वापरा. काही बिघडत नाही.

म्हणजे ४०० आयएसओचा रोल असला तरी मीटर ४००वर लावायचा नाही?

४००चा रोल असेल तर मीटर २५०वर किंवा २००वर लावा, १२५चा असेल तर ८०वर. आकडा लहान, तितका मीटर जास्त प्रकाश मागतो. कॅमेऱ्याच्या मीटरवर फार भरवसा नसेल तर २००च बरं. स्टॉपभर जास्त (म्हणजे दुप्पट) एक्स्पोजर कृष्णधवल फिल्म सहज पचवते, स्टॉपभर कमी (म्हणजे निम्मं) मात्र सहन करत नाही.

अंधारात काम करायचं असेल तर गणित उलटतं. तालमीत सकाळी सहाला एका खिडकीतून येणाऱ्या उजेडावर हौद्यातली लाल माती आणि पैलवान टिपायचे असतील, तर एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स ८००वर, अगदी १६००वरही मारता येतो. मग डेव्हलपिंग वाढवावं लागतं आणि सावल्या जातात. जाऊ द्या. तिथं अंगावरच्या घामाची चमक महत्त्वाची, मागच्या भिंतीवरची तसबीर नाही. वस्तादांना आधी विचारा, चप्पल बाहेर काढा, फ्लॅश बॅगेतच ठेवा.

मीटर नेमका कशावर धरू?

ज्या सावलीत तुम्हाला तपशील हवाय तिच्यावर. गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊ, कारण हंगामात आपल्याकडे बहुतेकांचा पहिला रोल तिथंच संपतो.

सकाळची वेळ आहे. शेड आतून काजळलेली. काहिलीतून वाफेचा लोट उठतोय आणि कौलाच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा त्या वाफेवर पडलाय. गुळव्या काहिलीच्या पलीकडे, अंधाराच्या बाजूला उभा. दारातून कॅमेरा रोखलात तर मीटरला वाफेचा पांढरा लोट दिसतो, तो घाबरून एक्स्पोजर कमी करतो आणि गुळव्या निगेटिव्हमध्ये उतरतच नाही. त्याऐवजी जवळ जा, त्याच्या मळकट सदऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर मीटर धरा. समजा एफ/२.८ला १/१५ आलं. मीटर कुठलीही गोष्ट मधला राखाडी धरून मोजतो. सदरा तर त्याहून गडद दिसायला हवा. म्हणून दोन स्टॉप कमी करा: एफ/२.८ला १/६०. आता सदऱ्याच्या घड्या दिसतील इतका प्रकाश फिल्मवर पोचेल. वाफ दाट होईल, पण तिला आवरायला डेव्हलपिंगमध्ये कापलेला तो वेळ आहे.

जास्तीचा स्टॉप देण्यासाठी २००वर मीटर लावलेलाच आहे, त्यामुळे वर आणखी भर घालू नका.

फिल्टरची खरंच गरज आहे का? रंग तर नंतरही बदलता येतात.

डिजिटल रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा कमीजास्त करता येतो. कृष्णधवल निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये रंग उरलेलाच नसतो. फिल्टरचा निर्णय शटर दाबायच्या आधीच घ्यावा लागतो.

पिवळा फिल्टर आभाळ किंचित गडद करतो आणि साधारण एक स्टॉप खातो. नारिंगी दोनच्या आसपास, लाल तीन. पन्हाळ्यावरून पावसानंतरचे ढग घ्यायचे असतील तर नारिंगी माझ्या आवडीचा. लाल लावला की दुपारसुद्धा रात्रीसारखी दिसते आणि हिरवी झाडं कोळशागत काळी पडतात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर हे अगदी स्वच्छ दिसतं. गुलालाचा गुलाबी रंग लाल आणि निळा प्रकाश परत टाकतो, हिरवा शोषतो. फिल्टर न लावता काढलेल्या फोटोत गुलाल आणि चेहऱ्याचा रंग जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात. लाल फिल्टरने गुलाल पांढरा होतो, म्हणजे माणसं पीठ फासल्यासारखी. हिरवा फिल्टर लावा, गुलाल गडद उमटतो आणि सासनकाठ्यांची गर्दी वेगळी उठून दिसते. दोन स्टॉप जातात, पण चैत्रातल्या उन्हाला ते परवडतात.

यात्रेत रोल मात्र गर्दीच्या बाहेर येऊन बदला. डबीच्या तोंडाला जी मखमली पट्टी असते तिच्यात गुलालाचा कण अडकला की रोलभर एक सरळ लांब ओरखडा पडतो. स्कॅनमध्ये तो प्रत्येक फ्रेमवर आडवा दिसतो आणि काढता काढता जीव नकोसा होतो.

कुठला रोल घेऊ?

एक घ्या आणि वर्षभर तोच वापरा. इलफर्ड एचपी५ प्लस चुका पोटात घालतो. केंटमिअर ४०० स्वस्त पडतो, त्याच कारखान्यातला आहे. ऊन चांगलं असेल आणि बारीक ग्रेन (चित्रातले कण) हवा असेल तर एफपी४ प्लस. टी-मॅक्स आणि डेल्टा धारदार आहेत, पण वेळ आणि तापमानाच्या बाबतीत काटेकोर. पहिल्या रोलसाठी नकोत.

एक्सपी२ सुपर हा वेगळा प्रकार आहे. दिसायला कृष्णधवल, पण धुतला जातो रंगीत फिल्मच्या सी-४१ पद्धतीने. डी-७६सारख्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवायला घेण्याआधी डबी वाचा.

लाल दिवा लावून रोल टँकच्या (धुवायच्या बंद डब्याच्या) रीलवर चढवता येईल ना? सिनेमात तसंच दाखवतात.

सिनेमात कागदावरची प्रिंट दाखवतात. आजची नेहमीची फिल्म लाल रंगही पाहते, तिला पूर्ण अंधारच लागतो. खोलीत पाच मिनिटं उभे राहा. दाराची फट दिसायला लागली तर तिथं काळं घोंगडं टांगा. नाहीतर चेंजिंग बॅग (हात आत घालून अंधारात काम करायची काळी पिशवी) घ्या. मे महिन्यात बॅगेत हाताला घाम सुटतो आणि फिल्म प्लास्टिकच्या रीलला चिकटते. म्हणून हे काम पहाटे करा, रील ठणठणीत कोरडी असू द्या. एक वाया गेलेला रोल उजेडात दहा-बारा वेळा चढवून बघा, मग डोळे मिटून. डबीचं झाकण बाटलीच्या ओपनरने निघतं.

डेव्हलपर कुठला? तयार मिळाला नाही तर?

डी-७६ किंवा आयडी-११. सूत्र जवळपास एकच. कोडॅकने डी-७६ आणला १९२७च्या सुमारास, तो सिनेमाच्या निगेटिव्हसाठी. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं काम तेव्हा जोरात होतं, आणि दोनच वर्षांनी, १९२९ला इथंच प्रभात सुरू झाली. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभासमोरून रोज जाणाऱ्यांनी तरी रसायनाला बिचकायचं कारण नाही.

तयार पुडा मिळाला नाही तर घरी बनवता येतो. लिटरभरासाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट निर्जल १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात हे मागवून मिळतं. चिठ्ठीवर सल्फाइट स्पष्ट लिहा. सल्फेट आलं तर डेव्हलपर बिघडतो, सल्फाइड आलं तर घरभर सडक्या अंड्यांचा वास.

पाऊण लिटर पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवा. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. मेटॉल पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, त्यानंतर हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. क्रम चुकवून सगळं सल्फाइट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. मग पाणी घालून लिटर पुरं करा, रात्रभर ठेवा, गळ्यापर्यंत भरलेल्या तपकिरी बाटलीत साठवा. दोन-तीन ग्रॅमला सोनाराचा छोटा डिजिटल काटा लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हाताला चट्टे उठतात. आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वापरताना तितकंच पाणी मिसळा, म्हणजे १+१, आणि एका वापरानंतर फेकून द्या. प्रत्येक रोलला ताजा डेव्हलपर मिळाला की निकाल सारखे येतात.

तक्त्यात २० अंश लिहिलंय. एप्रिलमध्ये नळाचं पाणीच ३० असतं. काय करू?

वीसचा हट्ट सोडा, चोवीसवर काम करा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी आपोआप विशीच्या आसपास येतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी तर हात भाजेल असं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. आदल्या रात्री माठात किंवा बादलीत पाणी भरून ठेवा. मोठ्या टबात पाणी घ्या, त्यात डेव्हलपर, हायपो (चित्र कायम करणारं रसायन, फिक्सर) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या करा, फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टबात सोडा. बर्फ थेट रसायनात टाकू नका, प्रमाण बिघडतं. पाऊण तासात सगळं २४वर येतं.

तापमान एक अंश वाढलं की वेळ साधारण दहा टक्के कमी होते. एचपी५ प्लसला आयडी-११ १+१मध्ये २० अंशांवर इलफर्डच्या तक्त्यात १३ मिनिटं आहेत. २४ला ती नऊच्या आसपास येतात. त्यातून स्कॅनसाठी दहा टक्के काढले की आठ. एफपी४ प्लसला २० अंशांवर ११, तिथून असाच हिशेब करा. वेळ पाच मिनिटांच्या खाली येऊ देऊ नका, डेव्हलपिंग डागाळ होतं. पाणी न मिसळता वापरलेल्या डेव्हलपरची वेळ उन्हाळ्यात नेमकी तिथंच घसरते, १+१ सांगायचं हेही एक कारण.

चोवीसपेक्षा सगळ्या पाण्यांचं तापमान एकसारखं असणं जास्त महत्त्वाचं. २४च्या डेव्हलपरमधून निघालेली फिल्म ३२च्या नळाखाली धरली की वरचा जिलेटिनचा थर एकदम फुगतो, आणि स्कॅनमध्ये ग्रेन गुठळ्या झाल्यासारखा दिसतो. थर्मामीटर मेडिकलमधला तापाचा नको, प्रयोगशाळेतला काचेचा घ्या.

टँक किती हलवायचा?

पहिल्या दहा सेकंदात चार वेळा उलटासुलटा, नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. काहीजण कॉकटेल बनवल्यासारखा सतत हलवतात. त्याने कॉन्ट्रास्ट चढतो, आणि छिद्रांतून जोराने वाहणाऱ्या डेव्हलपरमुळे आभाळात फ्रेमच्या कडेला फिकट पट्टे उमटतात.

स्टॉप बाथ हवाच का? हायपो किती वेळ?

स्टॉप बाथऐवजी (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या आम्लाच्या पाण्याऐवजी) साध्या पाण्याने दोनदा खळखळून घेतलं तरी फिल्मला पुरतं. लिंबूसत्व घरात असेल तर लिटरला पंधरा-वीस ग्रॅम टाका, हायपो जास्त टिकतो.

हायपोचा वेळ पुस्तकात बघण्यापेक्षा स्वतः मोजा. रोलच्या सुरुवातीची कापलेली जीभ उजेडात हायपोत टाका. दुधी फिल्म पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. टी-मॅक्स, डेल्टाला तिप्पट. ताज्या हायपोत लागला होता त्याच्या दुप्पट वेळ जीभ साफ व्हायला लागला की तो हायपो संपला.

धुतल्यावर निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात. कशाने?

पाण्यातल्या क्षारांनी. बोअरच्या पाण्यात ते जास्त. पावसाळ्यात नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यात बारीक मातीही असते, ती ओल्या फिल्मवर बसली की वाळल्यावर निघत नाही. धुण्याचं पाणी पावसाळ्यात दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या.

नळाखाली अर्धा तास पाणी वाया घालवायची गरज नाही. टँकमध्ये पाणी भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. झालं. मी आणखी एकदा भरतो, मनाच्या समाधानासाठी. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रावाचे) दोन-चार थेंबच. फेस आला म्हणजे जास्त झालं. बोटांनी किंवा रबराच्या पट्टीने फिल्म पुसू नका. एक वाळूचा कण पुरेसा आहे.

वाळवायला न्हाणीघर सगळ्यांत बरं. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर अर्ध्या तासाने टांगा, वाफेने धूळ खाली बसलेली असते. खाली कपड्याचे दोन चिमटे लावा, पंखा बंद, दार बंद. उन्हाळ्यात दोन तासांत वाळते. जुलैत रात्रभर लागते, कधी दुसरी दुपार उजाडते, पण एक फायदाही आहे: पावसाळ्यात हवेत धूळ नसते. माझ्या सगळ्यांत स्वच्छ निगेटिव्ह जुलै-ऑगस्टच्याच निघतात.

निगेटिव्ह बरी आली की नाही, स्कॅन करण्याआधी कसं ओळखू?

दोन गोष्टी बघा. फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे आणि नाव असतं. ते तुमच्या एक्स्पोजरवर अवलंबून नसतं, फक्त डेव्हलपिंगवर असतं. आकडे ठसठशीत आणि फोटो फिकट, तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेही फिकट, तर डेव्हलपिंग कमी झालं किंवा डेव्हलपर मेलेला होता. आकडेच नाहीत आणि सगळा रोल काचेसारखा साफ, तर बहुधा हायपो आधी ओतला गेला.

मग सकाळचा 'पुढारी' उजेडात पसरा आणि निगेटिव्ह त्याच्यावर ठेवा. सर्वांत दाट भागातूनही खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर पुढच्या रोलला वेळ आणखी कापा.

स्कॅनर घेऊ की डिजिटल कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचे फोटो काढू?

घरात मॅक्रो लेन्स आणि कॅमेरा असेल तर कॅमेरा. ३५ मिमीची फ्रेम ३६ बाय २४ मिमीची असते. फ्लॅटबेडवर २४०० डीपीआयने स्कॅन केली तर पावणेआठ मेगापिक्सेलची फाइल होते. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० छापलेलं असलं तरी त्याची खरी धार त्याहून बरीच कमी असते; आकडा वाढवला की फाइल फुगते, तपशील वाढत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पूर्ण फ्रेम भरून घेतली तर ४२०० डीपीआयच्या वर जाता येतं, आणि रोल अर्ध्या तासात उरकतो.

१२०ची फिल्म असेल तर फ्लॅटबेडही छान काम देतो, निगेटिव्हच मोठी आहे. फक्त ३५ मिमी करणारे आणि कॅमेरा नसलेले यांनी प्लसटेकसारखा फिल्म स्कॅनर बघावा. एका फ्रेमला वेळ लागतो, पण चित्र धारदार येतं.

कॅमेऱ्याने घेताना कडा मऊ येतात.

कॅमेरा आणि फिल्म समांतर नाहीत. फिल्मच्या जागी एक छोटा आरसा सपाट ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. बाजूला सरकलेलं दिसतंय तोवर स्टँड हलवत राहा. हे एकदा जमवलं की लेव्हलच्या पट्ट्या वगैरे काही लागत नाही.

बाकी मांडणी साधी. एलईडी पॅनेल, त्याच्यावर दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून फिल्म होल्डर, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. मोबाइलचा पडदा दिवा म्हणून वापरायचा असेल तर मध्ये दुधी अॅक्रिलिक हवंच, नाहीतर आभाळात पिक्सेलची जाळी दिसते. फ्रेमबाहेरचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, खोलीतले दिवे बंद करा. एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल, टायमर. फिल्मची मंद, बिनचकाकीची बाजू लेन्सकडे ठेवा आणि नंतर चित्र आडवं उलटवा, नाहीतर महाद्वार रोडवरच्या सगळ्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतील.

स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय आहे. ती लावली तर चित्राचा विचका होतो, असं का?

ती सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ देत नाही. म्हणून धूळ ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही किरणं अडवते, त्यामुळे स्कॅनर तुमच्या अख्ख्या फोटोलाच धूळ समजतो. बंद ठेवा. एक्सपी२मध्ये धुतल्यावर चांदी उरत नाही, तिथं चालते.

स्कॅनची सेटिंग?

१६ बिट, ग्रेस्केल, टिफ. आठ बिटमध्ये जेमतेम २५६ छटा असतात. आपली निगेटिव्ह मुद्दाम सपाट ठेवलेली, त्या छटा ताणल्या की आभाळात पायऱ्या पडतात. ऑटो एक्स्पोजर, ऑटो कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग बंद. फ्रेमच्या बाहेरची कोरी फिल्म थोडी स्कॅनमध्ये येऊ द्या, उलटवल्यावर काळा बिंदू तिच्यावरून ठरतो. एका रोलला एकच सेटिंग ठेवा, म्हणजे कुठली फ्रेम खरंच कमी पडली ते कळतं.

तरी ग्रेन फार दिसतो.

शंभर टक्के मोठं करून बघताय. तसं कुणी फोटो बघत नाही. त्यातूनही खटकत असेल तर स्कॅनरचं शार्पनिंग खरंच बंद आहे का ते तपासा, आणि सावल्या ओढून वर काढल्यात का ते बघा. बहुतेक वेळा ग्रेनची तक्रार ही कमी एक्स्पोजरची तक्रार असते.

मुंबई-पुण्याहून रोल आणताना, विमानात एक्स-रेने खराब होतात का?

हातातल्या बॅगेच्या साध्या एक्स-रेमधून ४००चा रोल दोन-चारदा गेला तर काही होत नाही. चेक-इनच्या सामानात कधीच टाकू नका, आणि सीटी प्रकारचं यंत्र असेल तर हाताने तपासायची विनंती करा. त्यापेक्षा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर जास्त रोल मरतात. घरी फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या आधी बंद डबीतच तासभर बाहेर काढून ठेवा. थंड फिल्म लगेच उघडली तर तिला दव सुटतं.

निगेटिव्ह ठेवायच्या कशा? आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते.

जिलेटिन म्हणजे बुरशीला मेजवानीच. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत घाला, पीव्हीसीच्या नको. पानं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, त्या भिंतीला ओल धरते. डांबराच्या गोळ्या नकोत.

वापरलेला हायपो मोरीत ओतला तर चालेल?

डेव्हलपर भरपूर पाण्यात मिसळून ओतला तर चालतो. हायपोत फिल्ममधली चांदी विरघळलेली असते, तो नाल्यातून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत जायला नको. प्लास्टिकच्या बादलीत साठवा, त्यात रंगारी वापरतात ती लोखंडी वूल टाका आणि आठवडाभर उघड्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. भांड्यांची स्टेनलेसची घासणी इथं काम करत नाही. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाला बसते. वरचं पाणी निथळून, भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडा. घराला सेप्टिक टँक असेल तर तेही नको. हुपरीत चांदी गाळणारे आहेत, पण एका घरचा वर्षाचा गाळ त्यांच्या मुशीत दिसणारही नाही. चार-पाचजणांनी मिळून एकाच बरणीत साठवलात तर विचारायला तोंड राहील.